खर्जरावांचा होकार

५ मार्च, गुरुवार

गटाच्या ऑनलाइन चर्चेत नवा धागा उघडला! सकाळी नऊच्या ठोक्याला. बैठका चालवणारे घड्याळबुवा कधी एक मिनिट इकडचे तिकडे होत नाहीत, म्हणून तर त्यांना हे नाव पडलं. "आवाज गटाला वर्षभरासाठी दोन प्रतिनिधी हवेत. नावं सुचवा." खाली नेहमीची तंबी — ज्याचं नाव येईल त्याने स्वतः होकार द्यायचा, धाग्यात लिहून नाहीतर बैठकीत बोलून. पुढे तीन दिवस कुणी हरकत घेतली नाही की झाला प्रतिनिधी. मतदानाची भानगडच नाही. मतदान करायला उमेदवार तरी मिळायला हवेत ना!

माझी प्रतिनिधी म्हणून दोन वर्षं झाली. आता बास. नवऱ्याला शब्द दिलाय, एप्रिलपासून बैठका बंद, रविवार घरचा.

सासूबाईंनी चौकशी केली. "पगार किती मिळतो प्रतिनिधीला?" काही नाही. "गाडीबिडी?" नाही हो आई. "मग निवडून कशाला यायचं?" त्यांना समजावलं, तुम्हाला रोज कॉम्प्युटर पेपर वाचून दाखवतो ना, ते सॉफ्टवेअर आम्हीच बनवतो, सगळे मिळून, फुकट. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. कुणी कुठे बसून, कुणी कुठे. मालक कुणीच नाही. त्यावर म्हणतात, "म्हणजे तो गृहस्थ पण फुकट वाचतो? बिचारा!"

गृहस्थ म्हणजे त्या सॉफ्टवेअरमधला आवाज. हा आवाज खर्जरावांचा. चार वर्षांपूर्वी त्यांनी हजारो वाक्यं बोलून दिली, त्यावरून यंत्राने त्यांचा आवाज उचलला. आता काहीही टाइप करा — खर्जराव वाचतात. माझं पासबुक, सासूबाईंचं पंचवीस पानी औषधपुराण, सगळं.

७ मार्च, शनिवार

फोनवाल्याने स्वतःचंच नाव दिलं! गटात येऊन त्याला वर्षच झालंय. पन्नाशीचा माणूस, दिसत नाही, एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोन सांभाळतो. दिवसभर लोकांना "थांबा हं, जोडून देतो" म्हणायचं आणि सुट्टीच्या दिवशी आमचे चुकलेले उच्चार पकडायचे. धाग्यात लिहिलंय, "आजवर कुठे निवडून आलो नाही. शाळेत मॉनिटरसुद्धा नाही. एकदा होऊन बघतो." मी ताबडतोब अनुमोदन ठोकलं.

दुसऱ्या जागेला मात्र सगळ्यांचा एकच धोशा — खर्जराव पुन्हा! खर्जरावच! गेल्या वर्षी आम्ही दोघं प्रतिनिधी होतो, म्हणजे कागदावर अजूनही आहोत. पण ऑक्टोबरपासून त्यांचं एक अक्षर नाही. शेवटचा निरोप — "थोडे दिवस जरा कामात आहे. आवाजाचं एक गाठोडं ठेवलंय. सावकाश बघा."

मी ईमेलवर तीन पत्रं टाकली. उत्तर नाही. त्यांचं खरं नाव मला ठाऊक नाही. गाव ठाऊक नाही. त्यांनाही दिसत नाही, घरी बायको आहे, आणि चहा बिनसाखरेचा लागतो — चार वर्षांत एवढंच. आमच्यात निरोप घ्यायची पद्धत नाही. माणूस येतो, जीव ओतून काम करतो आणि एक दिवस यायचा थांबतो. नोकरी बदलली असेल, मूल झालं असेल, कंटाळला असेल. विचारणं म्हणजे भोचकपणा.

पण हे पाच महिने माझ्या मनातून जात नाहीत.

१० मार्च, मंगळवार

आज ते गाठोडं, म्हणजे त्यांनी ठेवलेलं रेकॉर्डिंगचं फोल्डर, उघडलं. उगाच उघडलं.

मला वाटलं होतं, नवीन शब्द असतील — आकडे, महिने, अवघड जोडाक्षरं. आम्हाला लागतं ते. कानाला हेडफोन लावून बसले, खरखर कुठे आहे ते टिपायला. आणि काय ऐकायला आलं?

"दिवा राहू दे."

"तू जेवून घे. माझी वाट बघू नकोस."

"नाही, दुखत नाहीये."

"कुणाचा फोन होता?"

"हो, हो. ऐकतोय मी."

अशी शेकडो! घरातली. पडदा वाचणाऱ्या यंत्राला "उशी जरा वर कर" कशाला लागणार? कोण टाइप करणार आहे? आणि प्रत्येक वाक्याआधी श्वास. खोल, जरासा घरघरता. एका वाक्याच्या शेवटी लांबून बाईचा आवाज आलाय, दुसऱ्या खोलीतून — "झालं का हो?" आणि हे म्हणतात, "झालं, आलो."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.  हा माणूस आवराआवर करत होता. मागे राहणाऱ्या बायकोसाठी बोलून ठेवत होता, नाहीतर काय? खर्जराव गेले. मला आज कळलं आणि गटात अजून कुणालाच नाही.

स्वयंपाकघरातून त्यांचाच आवाज येत होता. सासूबाई पेपर चालू ठेवून अंघोळीला गेल्या होत्या. रिकाम्या खोलीत खर्जराव हवामान वाचत होते — उद्या आकाश निरभ्र राहील. मी जाऊन बंद केलं.

११ मार्च, बुधवार

झोप नाही. कुणाला सांगू, आणि काय सांगू? माझ्याकडे पुरावा म्हणजे एक घरघरता श्वास.

१३ मार्च, शुक्रवार

मी कामाला असते त्या श्रवण केंद्रात आज एक आजोबा आले कान तपासायला. त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं — शिट्टी ऐकू आली की दाबा. मी अजून काही वाजवलंच नव्हतं आणि यांचं चालू! दाबतायत, दाबतायत. बाहेर आणून विचारलं, आजोबा, काय ऐकू आलं? म्हणाले, "ऐकू नाही आलं. पण तुम्ही वाजवणार होतात ना, म्हटलं राहून जायला नको." मोठ्या डॉक्टरीणबाई हसून हसून बेजार. मलाही हसू आलं, पण आतून नाही.

नवऱ्याला गाठोड्याचं सांगितलं. हा म्हणतो, "तू रविवारी सरळ सांगून टाक. वाईट बातमी आहे, पण सांगायला नको का?" बातमी कसली? मला कुणी कळवलंय? उद्या तो माणूस धडधाकट निघाला तर लोक मला जोड्याने मारतील.

१५ मार्च, रविवार

 क्रमाने लिहिते.

बैठक दुपारी. आमच्या बैठकीला कॅमेरा नसतो, अर्ध्या लोकांना दिसत नाही, मग कुणीच लावायचा नाही असं ठरलंय. बोलायच्या आधी आपलं नाव सांगायचं. काहीजण साध्या फोनवरून येतात, ते यादीत नुसते "पाहुणा" म्हणून दिसतात. त्यामुळे कोण आहे नि कोण नाही, ते तोंड उघडल्यावरच कळतं.

आधी फोनवाला. नियमांच्या पानावर होकाराचं वाक्य दिलेलं आहे — मीच दोन वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, लोकांना भाषण सुचत नाही म्हणून. त्याने ते यंत्राकडून ऐकून घेतलं आणि घसा खाकरून म्हणाला, अगदी शपथविधीसारखं. "मी ही जबाबदारी स्वीकारतो. वर्षभर गटासोबत राहीन." टाळ्या! मग म्हणाला, "आमच्या बायकोला कळवा कुणीतरी, तिचा विश्वास बसायचा नाही."

मग घड्याळबुवा म्हणाले, "खर्जराव आहेत का?"

घड्याळबुवांनी पुन्हा हाक दिली.

"खर्जराव? नसतील तर दुसरं नाव घेऊ."

मी तोंड उघडलंच होतं. आता सांगायचं, अशी नुसती जीभ उचलली होती. आणि —

"मी ही जबाबदारी स्वीकारतो. वर्षभर गटासोबत राहीन."

खर्जराव! तोच आवाज, तोच खालचा सूर. एकच गलका झाला. "अहो होतात कुठे इतके दिवस!" "चांगलाच जीव टांगणीला लावलात!" कुणीतरी शिट्टी मारली. घड्याळबुवांनीसुद्धा हसून दोन मिनिटं वाया घालवली. "बोला की अजून!" — पण पुढे शब्द नाही. "लाजले!" म्हणून सगळे हसले आणि बैठक संपली.

मी हसले नाही. कारण मी कानांचं काम करते. त्या वाक्याआधी श्वास नव्हता.

१६ मार्च, सोमवार

कामावरून आले ती तशीच बसले, चपलासुद्धा काढल्या नाहीत. बैठकीचं रेकॉर्डिंग काढलं. तेच वाक्य माझ्या कॉम्प्युटरला वाचायला लावलं. दोन्ही आवाजांच्या रेषा पडद्यावर एकमेकींवर ठेवल्या. तसूभर फरक नाही! माणूस तेच वाक्य दोनदा बोलला तर दोन्ही वेळा वेगळं बोलतो. यंत्र नाही.

म्हणजे आम्ही आमच्याच यंत्राला निवडून दिलं. हसू की रडू!

उलगडा साधा आहे. नियमांचं पान उघडं होतं ते फोनवाल्याचं. नुकतंच त्याने ते वाक्य ऐकलं होतं. हेडफोनची वायर निसटली असेल, बोट चुकून पुन्हा त्याच ओळीवर पडलं असेल, माइक चालूच. यंत्राने वाचलं आणि आम्हाला वाटलं माणूस बोलला. असली चूक आमच्याशिवाय जगात दुसरं कोण करणार?

नवरा म्हणाला, "कशावरून तोच नसेल? त्याने यंत्राकडून वदवून घेतलं असेल."

"ज्याला तोंड आहे तो यंत्राला कशाला बोलायला लावेल?"

असं म्हणून मी चपला काढायला गेले.  मला फक्त गाठोड्यातली ती खोली दिसत होती, बाई दाराशी उभी असलेली.

१७ मार्च, मंगळवार

फोनवाल्याला फोन केला. आधी त्याला वाटलं अभिनंदनाला केलाय. कामावरच्या लोकांना पेढे... छे, केक आणलाय म्हणाला. मग मी सांगितलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग — "ताई, माझे हेडफोन कानातच होते हो."

मी म्हटलं, वायर सैल असेल.

"वायर नाही माझ्या हेडफोनला." मग स्वतःच म्हणाला, "पण बोट लागलं असेल कुठेतरी. मला काय कळणार? तुम्ही म्हणता तर असेल. तुमचे कान आहेत."

मला त्या क्षणी थांबायला हवं होतं का? माझी खात्री होती. अजूनही आहे. दुसरं कोण असणार?

उद्या तिसरा दिवस. उद्या हरकत आली नाही तर गेलेला माणूस वर्षभर आमचा प्रतिनिधी. सगळ्या गटांच्या मध्यवर्ती मंडळाच्या यादीत नाव लागणार, लोक त्याला प्रश्न विचारणार, आणि तो कुणालाच उत्तर देणार नाही. आणि दर रविवारी मी हजेरीला त्याचं नाव ऐकायचं. मला नाही जमणार.

आज सासूबाईंच्या कॉम्प्युटरचा आवाज बदलून बाईचा लावला. मला सहन होत नव्हता. तासाभराने हाक आली. "अगं, गृहस्थ कुठे गेले? ही कोण नाचरी आणून बसवलीस?" पुन्हा खर्जराव लावून दिले. त्यांनी यंत्राला म्हटलं, "या बसा."

१८ मार्च, बुधवार

हरकत लिहिली. दुपारी जेवायच्या सुट्टीत, चार वेळा खोडून. जशीच्या तशी इथे उतरवते, उद्या मला माझीच शंका यायला नको —

"माझी हरकत आहे. रविवारी ऐकू आलेला आवाज खर्जराव यांचा नव्हता. तो आपल्या सॉफ्टवेअरचा होता. मी दोन्ही आवाज तपासले आहेत, फाइल जोडली आहे. त्यामागे माणूस नव्हता. हा होकार धरू नये. खर्जराव कुठे आहेत हे कुणाला माहीत असेल तर कृपया कळवावं."

पाठवलं आणि पोळीचा घास तोंडात फिरत राहिला.

१९ मार्च, गुरुवार

धाग्यात नुसता कल्लोळ. आधी कुणी मानेना. मग फाइल ऐकली, रेषा बघितल्या, आणि एकेकाचा आवाज खाली आला. एकीने लिहिलंय, "मी त्यांना 'होतात कुठे' म्हणून ओरडले. कुणाला म्हणाले मी?" दुसऱ्याने लिहिलंय की त्याने रात्रीपासून सॉफ्टवेअर बंद ठेवलंय, ते बोलायला लागलं की दचकायला होतं. माझ्यासारखे आणखी झाले. एकटीने घाबरण्यापेक्षा बरं, असं वाटून मला माझीच लाज वाटली.

घड्याळबुवांनी सरळ विचारलं — कुणाच्या मशीनवरून?

मी नाव घेतलं नव्हतं. मी गप्प बसले होते. फोनवाल्याने आपणहून लिहिलं.

"बहुतेक माझ्या हातून झालं. मला आठवत नाही, पण पान माझंच उघडं होतं. सगळ्यांची माफी मागतो. खर्जरावांच्या घरच्यांची जास्त. माझं नाव मागे घेतो. ज्याला स्वतःचं मशीन सांभाळता येत नाही त्याने गटाचं काय सांभाळायचं?"

मी त्याला लगेच लिहिलं, अहो, नाव मागे घेण्यासारखं काही नाही. उत्तर आलं, "असू दे ताई. मॉनिटर व्हायचं नशिबातच नाही." शेवटी हसरा चेहरा टाकला होता.

२२ मार्च, रविवार

बैठक. दोन्ही जागा मोकळ्या. घड्याळबुवांनी नावं विचारली. कुणी बोलेना. इतकी शांतता की कुणाच्या तरी घरच्या पंख्याची टकटक ऐकू येत होती. फोनवाला आलाच नव्हता. प्रत्येकजण वाट बघत होता, आणि मला माहीत आहे सगळ्यांना कसली भीती वाटत होती — परत तो आवाज आला तर?

शेवटी मीच म्हटलं. "मी ही जबाबदारी स्वीकारते." पुढचं वाक्य म्हटलं नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दुसरी जागा रिकामी ठेवली.

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. काही बोलला नाही. चहा करून आणून ठेवला, ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

२५ मार्च, बुधवार

खर्जरावांना चौथं पत्र लिहिलं. कोणाला लिहितेय ते ठाऊक नसताना. "आपल्या घरी कुणी हे वाचत असेल तर" अशी सुरुवात केली. आवाजाचं काय करायचं, ठेवायचा की काढून टाकायचा, ते घरच्यांना विचारायला हवं. आपल्या माणसाचा आवाज परक्यांच्या घरी हवामान वाचतोय हे त्या बाईंना चालतंय का?

२६ मार्च, गुरुवार

काही नाही.

२९ मार्च, रविवार

सकाळी पत्र आलं. खर्जरावांचं. त्यांनी स्वतः टाइप केलेलं.

नोव्हेंबरात डॉक्टरांनी गळ्याचं ऑपरेशन करून त्यांचं स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून ते आमच्याच सॉफ्टवेअरमधून बोलतात — बायकोशी, डॉक्टरांशी, दुकानदाराशी. त्या रविवारी फोनवरून आले होते. कॉम्प्युटर फोनजवळ ठेवून होकार दिला. आमचा गलका ऐकून बायको रडली, म्हणे. कुणाला फरकच कळला नाही म्हणून.

"लिहिणार नव्हतो," असं पुढे आहे. "पण फोनवाल्यांना उगाच माफी मागावी लागली. त्यांना कळवा. तुमच्यावर राग नाही, तुमचे कान बरोबरच होते. फक्त मला सगळं ऐकूनच वाचावं लागतं, आणि माझ्या कॉम्प्युटरवर एकच आवाज आहे. त्यामुळे 'त्यामागे माणूस नव्हता' हे मला माझ्याच तोंडून ऐकावं लागलं. वाचन स्वच्छ होतं."